जिथं लाल, तिथं जास्त

सांगवी, जि. अकोला
२० जुलै २०१६

चि. पौर्णिमा,

तुले, जावईबुवाले अन् माया प्राजूले आशीर्वाद.

तुमी गेल्यापासून घर खायाले उठते. चार महिने लेकराचं रडणं होतं, आता निस्ता तुया बापाचा खोकला हाये.

तू म्हणशीन, फोन असतानी आईले पत्र काहून सुचलं. अवं, फोनवर मले शब्द ऐकू येत नाही, निस्ता गुणगुणाट येते. परवा तुनं इचारलं म्हणे, आई जेवली का, अन् म्या सांगतलं, दोन पायल्या. तुया बाप हासून हासून बेजार झाला. श्यामच्या मोबाईलवर लिवून पाठवशीन तं अख्खं घर वाचते. मायलेकीच्या गोष्टीत तुया भावाचं काय काम? म्हणून पोष्टातून दहा आंतरदेशीय आणले. चौथी शिकेल बाईचं अक्षर हाये, समजून घेजो.

आता कामाचं. निघतानी म्या पाह्यलं, प्राजूच्या गालावरचे चट्टे आता कोपराच्या अन् गुडघ्याच्या घडीत उतरले. भेवाचं काम नाही, तो कोरडेपणा हाये. थैलीत तेलाची बाटली ठेवली हाये. आपल्या वावरातली भुईमुगाची फल्ली, माया डोयासमोर लाकडी घाण्यावर काढेल तेल. दुकानातल्या तेलाले हात लावजो नोको. सकाय-संध्याकाय दोन्ही वेळा जिरवजो. जिथं लाल, तिथं जास्त.

जावईबुवा म्हणतीन पावडर लावा, क्रीम लावा. त्यायले म्हणजो, तुमी तुमचं हापीस पाहा. गावातले पन्नास लेकरं या हातानं न्हाऊ घातले म्या. गंगूबाईच्या नातवाचं डोकं फणसासारखं होतं, चोयून चोयून गोल केलं. आता ते पोट्टं भांग पाडून फिरते.

पत्राचं उत्तर पत्रानंच देजो.

तुयी आई

*

अमरावती
११ सप्टेंबर २०१६

ती. आई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र नितेशला वाचून दाखवलं. "तुमचं हापीस पाहा" ऐकून ते इतके हसले की प्राजू दचकून उठली.

आई, चट्टे कमी नाहीत. वाढले. ती इतकी खाजवते की सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके असतात. हाताला मोजे बांधते, तर गाल खांद्याला घासते. तू सांगितल्याप्रमाणे रोज दोन वेळा तेल लावते. कातडी जिथं फुटली आहे तिथं हात लावायची भीती वाटते, पण तू म्हणालीस म्हणून तिथं जास्त जिरवते. लावताना ती माझ्याकडे पाहून हसते. अर्ध्या तासानं परत तेच.

इथले डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांची झाली की जातं. शेजारच्या काकू म्हणतात, दात आले की जातं. नितेश म्हणतात, त्यांच्या वडिलांना दमा होता, तेच काहीतरी असेल. प्रत्येकाजवळ काहीतरी आहे, फक्त तिची खाज जात नाही.

बाटली संपली आहे. श्याम मार्केटला फुलं घेऊन येईल तेव्हा त्याच्याजवळ दुसरी दे.

तुझी
पौर्णिमा

*

सांगवी
८ जानेवारी २०१७

चि. पौर्णिमा,

आशीर्वाद. श्यामजवळ दोन बाटल्या पाठवल्या, भेटल्या असतीन.

संक्रांत आली. प्राजूचं पयलं बोरन्हाण हाये, ते थाटात करजो. काया कपडा शिवजो, हलव्याचे दागिने घालजो. टेम्पोत बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे अन् फल्ल्या पाठवून राहिली. फल्ल्या धुऊन वाळवल्या हाये, डोक्यावरून ओतल्या तं टोचाच्या नाही.

अन् आपल्या घरचा रिवाज इसरजो नोको. शेवंताआजीच्या वखतापासून चालत आला. लेकराच्या पयल्या संक्रांतीले वावरातल्या फल्लीचा पयला दाणा मायनं आपल्या हातानं जिभीवर ठेवाव. भाजून, गुळासंग बारीक वाटून, बोटाच्या टोकावर येईन इतकाच. तुयाही जिभीवर म्या ठेवला होता. तवा तू तो थुंकला होता माया लुगड्यावर.

फोटो काढजो. बाप तुया वाट पाहून राहिला.

आई

*

अमरावती
२ फेब्रुवारी २०१७

ती. आई,

तू रडत होतीस असं श्याम फोनवर म्हणाला. म्हणून सगळं लिहिते. आम्ही घरी आलो आहोत आणि प्राजू बरी आहे, हे आधी वाच.

बोरन्हाण झालं. पोरांनी बोरं लुटली. ती हलव्याचा मुकुट घालून बसली होती. मग मी वाटलेला दाणा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं मिटक्या मारल्या. सगळ्या बायका म्हणाल्या, आवडला गं हिला.

पाच मिनिटं झाली असतील. आधी ओठ सुजला. मला वाटलं बोराचा काटा लागला. मग डोळे सुजून बंद झाले, अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली आणि ती एकदम ढिली पडली. रडेना. नितेशनी तिला उचललं आणि अनवाणीच रस्त्यावर धावले. ऑटोवाल्यानं सिग्नल पाहिला नाही, कोणाचं काही ऐकलं नाही. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर केला असता तर.



तिला फल्ली चालत नाही. एक कणही नाही. घरातला कूट, चटणी, चिवडा, सगळं मी देऊन टाकलं. काळा कपडा धुऊन ठेवला आहे. पुढच्या वर्षी बोरन्हाण करायचं नाही.

पौर्णिमा

*

सांगवी
१५ फेब्रुवारी २०१७

चि. पौर्णिमा,

तुयं पत्र चारदा वाचलं. माया जीव ठिकाणावर नाही. रिवाज म्याच सांगतला तुले. देवा, काय बुद्धी झाली मले!

पण पोरी, फल्लीनं कोणाले असं झालं, हे आईकलं का कधी? आपल्या तीन पिढ्या फल्लीवर जगल्या. म्या तं डोहाळे लागले तवा पदरात दाणे घेऊन फिरत होती. मले वाटते एवढ्या बाया एकजागी जमल्या, कोणाची तरी नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळजो. म्या इथं मरीमायले नवस बोलली, पोरगी धड झाली की सव्वा पायलीचे रोडगे करीन.

खायाले देऊ नोको म्हणतीन डॉक्टर, तं देऊ नोको. पण अंगाले तेल लावणं सोडू नोको. तेल काही पोटात जात नाही, वरच्या वर राह्यते. त्याच्यानं काय होते?

उत्तर लवकर देजो. तुया बाप जेवत नाही.

आई

*

अमरावती
२८ मार्च २०१७

ती. आई,

काल नागपूरला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्राजूच्या पाठीवर टोचून पाहिलं. दाण्याच्या ठिकाणी रुपयाएवढी गांध आली. मग त्यांनी विचारलं, आधी कधी दाणा दिला होता? मी म्हटलं, कधीच नाही, तो पहिलाच. त्या म्हणाल्या, पहिल्याच वेळी इतकं होत नाही. शरीराची त्याच्याशी आधी कुठंतरी ओळख झालेली असते. अंगाला काय लावत होता?

मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, फुटलेल्या कातडीतून जे आत जातं त्याला शरीर चोर समजतं. तोंडानं गेलं असतं तर कदाचित पाहुणा समजलं असतं. चोर म्हणून एकदा नाव पडलं की मग ते समोरच्या दारानं आलं तरी मार खातं. घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतोच. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, तेलानंच झालं असं मी लिहून देणार नाही, घराण्यात दमा आहे, कातडी जन्मतःच कमजोर आहे. पण तेल आजपासून बंद. आणि कोणत्याही चट्टे असलेल्या बाळाला ते लावू नका.

आई, आठ महिने. रोज दोन वेळा. लाल होतं तिथं जास्त. ते हसायचं तिचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी हे तुला कसं सांगू? तू गावातली पोरं न्हाऊ घालतेस, बाया तुला बोलावून नेतात, कानानं गेलीस तरी हातांचा मान आहे तुझा. हे वाचलंस तर तू त्या हातांकडे पाहू शकणार नाहीस. आणि खरं सांगू का, मलाही लिहावं लागेल की लावणारे हात माझे होते.

हे पत्र मी टाकणार नाही. लिहिता लिहिताच ठरलं.

*

अमरावती
२८ मार्च २०१७

ती. आई,

सा. न. काल नागपूरला दाखवून आलो. तब्येत ठीक आहे. डॉक्टरांनी नवीन मलम दिलं आहे, त्यामुळे तेल सध्या बंद केलं. बाटल्या पाठवू नको. काळजी करू नको, मोठी झाली की जाईल म्हणाल्या.

बाबांना जेवायला सांग.

पौर्णिमा

*

सांगवी
९ ऑक्टोबर २०१९

चि. पौर्णिमा,

आशीर्वाद. दोन वर्सं झाले, तू माहेरी राहाले आली नाही. येते तं उन्हायात एक दिस येते, सकायी येऊन संध्याकायी पयते. गावातल्या बाया इचारतेत, पौर्णिमाचं अन् तुमचं काही बिनसलं का वं? म्या म्हणतो, लेकीले नोकरी हाये. ते तुनं सोडली हे मले श्यामकडून मालूम पडलं. सांगतलं काहून नाही?

प्राजू साडेतीन वर्साची झाली. दोन वर्साची झाली की जाईन म्हटलं होतं. गेलं का?

मायं बरं चाललं. कान पार गेले, पण हात चांगले हाये. या महिन्यात दोन लेकरं न्हाऊ घालतो. एक गंगूबाईची नात हाये, लय गोड, गाल निरे प्राजूसारखे लाल. चोयतानी प्राजूचीच याद येते. तिच्या मायले म्हटलं, तेल रोज लावत जाय, एक दिसही चुकू नोको.

दिवाळीले या. झेंडू लय निघाला यंदा.

आई

*

अमरावती
३ नोव्हेंबर २०१९

ती. आई,

सा. न. रागावू नको. नोकरीचं सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. क्लासमधून महिन्यात आठ दिवस सुटी घेणारी बाई कोण ठेवेल?

प्राजूची कातडी बरीच सुधारली. पण आता नाक धरलं आहे. रोज सकाळी वीस-पंचवीस शिंका, नाक चोळून चोळून त्यावर आडवी रेघ पडली. थंडी आली की छाती शिटीसारखी वाजते. वाफेचं मशीन घेतलं आहे, ती त्याला हत्ती म्हणते, सोंड लावा म्हणते. नागपूरच्या बाईंनी सांगितलं, हा एक जिना आहे. आधी कातडी, मग पोट, मग नाक, मग छाती. सगळी मुलं सगळ्या पायऱ्या चढत नाहीत. आपली चढून राहिली.

पण पोरगी मोठी चतुर आहे. कोणी खाऊ दिला की नाव सांगायच्या आधी विचारते, "यात दाणे आहेत का?" बागेत एका आजींनी तिला नाव विचारलं तर म्हणाली, "माझं नाव प्राजक्ता, मला दाणे चालत नाहीत."

दिवाळीला नाही जमलं. शाळेत जाण्याआधी कमी होईल म्हणतात. मग नक्की येऊ, आठ दिवस राहू.

गंगूबाईच्या नातीला तेल थोडं कमी लावत जा. फार लहान आहे.

पौर्णिमा

*

सांगवी
२२ नोव्हेंबर २०२१

चि. पौर्णिमा,

लेकीले काय लिवू? तुमाले जाऊन तेरा दिस झाले. प्राजू आता पायी चालते का, दम लागते का, ते एवढंच कळव.

मायीच चूक. म्याच हट्ट केला, पाच वर्साची झाली, या दिवाळीले आणाच. म्या चिवडा केला नाही, कूट केला नाही, उखळ माळ्यावर टाकलं, दहा दिस आधीपासून घर धुतलं. फल्लीचा कणकण येचला. पण फुलाचं मले काय मालूम? ओसरीत झेंडूचा ढीग पाहून ते लेकरू नाचलं अन् त्यात लोळलं. आमी हासलो. तुया बाप म्हणे, पाहा, मालीन शोभते. अन् पलीकडे सोयाबीनचं मशीन चालू, सारी धूळ आंगणात. घंट्याभरात तिचे ओठ निळे. तुनं तोंडात पंप मारला, एकदा, दोनदा, दहादा. श्यामनं गाडी कशी हाकलली अकोल्यापर्यंत, त्यालेच मालूम. मले कोणी गाडीत घेतलं नाही. म्या रस्त्यावर उभी होती.

जावईबुवा बोलले, पुन्हा या घरात पोरीले आणणार नाही. बरोबर बोलले. त्यायले मायं नाव सांगून म्हणजो, राग नाही.

तुया बापानं काल शेवंती अन् झेंडूचं सारं रान नांगरलं. तीस वर्सं फुलं केली त्यानं. म्या म्हटलं, थांबा, तो म्हणे, नातीपेक्षा फुलं मोठी का? आता ज्वारी पेरतो म्हणते. पुढच्या वर्सी तिले घेऊन येजो. एकही फूल राह्यणार नाही.

आई

*

अमरावती
१२ डिसेंबर २०२१

ती. आई,

प्राजू शाळेत जायला लागली. पळू देत नाहीत तिला, मैदानावर बाकावर बसते.

बाबांना सांग, फुलं काढायला नको होती. मी तुम्हाला स्पष्ट बोलले नाही, हा माझा दोष. तिला धूळ चालत नाही, गाजरगवत चालत नाही, कापसाची रुई, गोठ्यातला कडबा, ज्वारीचा कोंडासुद्धा चालत नाही. तिला आपलं अख्खं वावर चालत नाही, आई. किती नांगरणार?

नितेशचं बोलणं मनावर घेऊ नको. ते रात्री झोपत नाहीत. तिचा श्वास मोजत बसतात.

ती विचारते, आजीकडे कधी जायचं. मी म्हणते, मोठी झालीस की. काल म्हणाली, "मम्मी, मी किती मोठी व्हायची?"

पौर्णिमा

*

अमरावती
१९ फेब्रुवारी २०२३

ती. आई,

वर्षभर तुझं पत्र नाही. बाबा गेल्यावर तू लिहिशील असं वाटलं होतं. मी तेरवीला एकटीच आले आणि संध्याकाळी निघाले, ते तुला लागलं हे माहीत आहे. तिला दुसऱ्याकडे ठेवता येत नाही. इंजेक्शन भरून मांडीत द्यायला घरात आम्ही दोघंच शिकलो आहोत.

तू विचारायचीस, गेलं का. म्हणून लिहिते. परवा नागपूरला पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. दाण्याचा आकडा चौपट झाला आहे. काजू आणि तीळ नव्यानं आले. दमा पक्का झाला. बाईंना मी सरळ विचारलं, कधी जाईल? त्यांनी सांगितलं, दुधा-अंड्याचं जातं पुष्कळांचं. दाण्याचं बहुतेकांचं जात नाही. आणि दमा आहे तोवर चुकून एक दाणा गेला तर तो जिवावरचा असेल. हे तुम्ही आता धरूनच चाला.

म्हणून आता कोणी म्हटलं की मोठी झाली की जातं, तर मी उठून जाते तिथून. तूही नवसाचं मनातून काढून टाक. रोडगे करायची वेळ येणार नाही.

पौर्णिमा

*

सांगवी
१ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमा,

आशीर्वाद. मायावर रागावू नोको. तुया बाप गेल्यावर लेखणी हातात धरवत नव्हती.

आज चांगली खबर हाये म्हणून बसली. सून साधना माहेराहून आली, श्यामचं पोट्टं दोन महिन्याचं झालं. घर भरलं माय! तुयासारखं नाक, तुया बापासारखं कपाळ. नाव अजून ठेवाचं हाये.

त्याचेही गाल लाल हाये. कोपराच्या घडीत तसेच चट्टे. साधना घाबरली, मले प्राजूचं नाव घेऊन रडाले लागली. म्या म्हटलं, भेऊ नोको, यावेळी मी हाये.

एक गोष्ट सांगतो, आजवर मनात ठेवली. तू प्राजूचं तेल मधातच बंद केलं. शहरातल्या डॉक्टरनं सांगतलं अन् तुनं आईकलं. म्या काही बोलली नाही, लेकीचा संसार, आपण काहून बोलाव? पण माया मनानं तेव्हाच घेतलं. तेल बंद झालं, कातडी सुकली, अन् ते सारं आतमंधी गेलं, छातीत बसलं. पुरं वर्सभर लावलं असतं तं पोरगी आज वावरात पयाली असती. तुले दोष देत नाही. तुले कोणी सांगाले नव्हतं.

पण श्यामच्या पोराच्या बाबतीत ते होऊ देणार नाही. नवी फल्ली घाण्यावर नेली, ताजं तेल काढून आणलं. रोज तीन वेळा जिरवून राहिली. साधना एक डाव नाही म्हणे, तिले सांगतलं, तुया नणंदेनं बंद केलं तं काय झालं ते पाहून घे.

आई

*

अमरावती
६ ऑगस्ट २०२४

ती. आई,

पत्र मिळताच श्यामला फोन केला. तो म्हणाला, "आई माया बापाचं ऐकत नव्हती, मायं काय ऐकीन? तूच लिहून पाठव, तुया अक्षराचं ऐकते." म्हणून हे पत्र त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ देते आहे, आजच पोचेल.

तेल लावू नको. आताच्या आता थांबव. बाटली फेकून दे, हात साबणानं धू, बाळाचे कपडे धू आणि त्याला अकोल्याला चांगल्या डॉक्टरला दाखवा.

आई, प्राजूला तेल बंद केल्यानं झालं नाही. तेल लावल्यानं झालं. निदान तसं होऊ शकतं असं मला नागपूरला सांगितलं होतं. फुटलेल्या कातडीतून दाण्याचा अंश आत गेला आणि तिच्या अंगानं त्याला कायमचं वैरी ठरवलं. मग बोरन्हाणाला मी तो जिभेवर ठेवला. तुझी चूक नव्हती, तुला कोणी सांगितलं नव्हतं. माझी आहे. मला सांगितलं होतं. मार्च २०१७ मध्ये. सात वर्षांपासून मला माहीत आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू कोसळशील असं वाटलं. आणि माझ्यातही धमक नव्हती. वाटलं, आता प्राजूचं तर व्हायचं ते झालं, म्हातारीच्या जिवाला कशाला घोर लावायचा. एवढाच विचार केला मी. तुझ्या हातांखालून आणखी लेकरं जातात हे माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणार होते. पण ते खोटं आहे. एकदा आलं होतं. मी तुला लिहिलं, थोडं कमी लाव. एवढंच लिहिलं.

मला काय बोलायचं ते बोल. पण तेल थांबव.

पौर्णिमा

*

सांगवी
१४ ऑगस्ट २०२४

पौर्णिमा,

तेल त्याच दिवशी थांबवलं. श्यामनं पोराले अकोल्याले नेलं. डॉक्टर म्हणे, आत्ता काही सांगता येत नाही, सहा महिन्याचा झाल्यावर दवाखान्यातच थोडं थोडं खाऊ घालून पाहू. तवर वाट पाहा. साधना त्याले मायाजवळ देत नाही. मागतही नाही मी.

तुनं मले वाचवलं असं तुले वाटते. मले वाचवून काय केलं वं? मी अडुसष्ट वर्साची बाई. म्या रडली असती, महिनाभर जेवली नसती, मंग उठली असती. गावात सांगत फिरली असती, बायाहो, लाल गालाच्या लेकराले हे लावू नोका. मायं आईकलं असतं त्यायनं. या गावात दुसऱ्या कोणाचं आईकलं नसतं, पण मायं आईकलं असतं.

पाच दिस मी निस्ती मोजून राहिली. तुले मालूम झालं तवापासून आजपर्यंत, श्यामचं पोट्टं सोडून, अकरा लेकरं न्हाऊ घातले म्या. सात धड हाये. एक पुण्याले गेलं, त्याचं मालूम नाही. तिघायचे गाल लाल होते, ते मले पक्कं याद हाये, कारण तिथं म्या जास्त लावलं. त्यातली एक गंगूबाईची नात. आता पाच वर्साची हाये. चिवडा खाल्ला की तिचे ओठ सुजते. तिची माय म्हणते, मुंगी चावली.

काल अंगणवाडीत गेली होती, पोट्टे खाऊ खात होते. राजगिऱ्याचा अन् फल्लीचा लाडू वाटून राहिले होते. म्या धावत जाऊन गंगूबाईच्या नातीच्या हातातला लाडू हिसकला. ते लेकरू रडाले लागलं, बाई मले बोलली, आजी, तुमी पागल झाल्या का? मले तं ते ऐकूही आलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहून समजलं.

तुयावर राग हाये का, ते मले मालूम नाही. काही दिस पत्र लिवू नोको. प्राजूले मायं नाव सांगजो नोको, तिनं काही इचारलं तं म्हणजो, आजी बरी हाये.

उद्या सकायी गंगूबाईच्या घरी जातो, मंग त्या दोघायच्या घरी. गंगूबाईची सून इचारीन, इतके वर्सं काहून सांगतलं नाही? तुयं नाव मी घेणार नाही. म्हणीन, मले मालूम होतं, मीच बोलली नाही.

आई